पहिल्याच पायरीवर घसरण

रुग्णाचे धूम्रपान सोडवण्यासाठी भावी डॉक्टरांना पाच पायऱ्या शिकवतात : विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेटा. सूत्र चांगले आहे. आमचा आक्षेप पहिल्या पायरीवर आहे. 'सिगारेट ओढता का?' या प्रश्नाला बार्शी परिसरातील बहुतेक रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील आणि उरलेल्या चार पायऱ्या तिथेच संपतील. चुना लावून मळलेली तंबाखू किंवा भाजलेल्या तंबाखूची मिश्री यांना धूर नसतो. निकोटीन व कर्करोगकारक द्रव्ये मात्र असतात. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले.

बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्णाची वाट पाहत बसले नाहीत. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन लोकांशी बोलले. वैद्यकीय शिक्षणाने नेमके हेच उचललेले नाही. 'मिश्री लावता का?' असे विचारता आले, तरच पुढचा सल्ला उपयोगी. शिक्षकांनीही हा धडा सिगारेटच्या चित्रापासून नव्हे, मिश्रीच्या डबीपासून सुरू करावा.