पत्ता म्हणजे परवानगी नव्हे

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर दहा हजार पुस्तकांची यादी असली, तरी प्रत्येक पुस्तकासाठी वेगळे पान कोणी लिहून ठेवत नाही. पानाचा साचा एकच असतो. यादीतील नावावर टिचकी मारली की ब्राउझर '/पुस्तक/४२/' असा पत्ता सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्यातील ४२ हा आकडा उचलतो, त्या क्रमांकाची नोंद शोधतो आणि ती साच्यात भरून पान परत करतो. बीजगणितात चलाची किंमत बदलली की राशीची किंमत बदलते, तसाच हा प्रकार आहे. पत्त्यातील या बदलत्या भागाला प्राचल म्हणतात. वेबचे व्यवहार ज्या एचटीटीपी नियमांनी चालतात, त्यांत एका विनंतीची आठवण पुढच्या विनंतीपर्यंत ठेवलेली नसते. म्हणून एका पानाने दुसऱ्या पानाला काही कळवायचे, तर ते पत्त्यात लिहून पाठविणे हा सर्वांत सरळ मार्ग ठरतो.

पायथॉन भाषेत वेब-कार्यक्रम उभारण्यासाठी जँगो हा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, जगभर वापरला जातो. त्याची अधिकृत पाठमाला आठ भागांची आहे. तीत प्रश्न विचारून मते नोंदविणारा एक छोटा कार्यक्रम विद्यार्थ्याकडून करवून घेतला जातो. ही पाठमाला प्राचलांचा धडा कसा देते, ते येथे पाहू.

प्रथम गुणांविषयी. पत्त्यात कोणत्या जागी पूर्णांक येणार हे पाठमाला सुरुवातीलाच लिहून घेते. त्या जागी अक्षरे आली तर तो पत्ता जुळतच नाही आणि 'पान सापडले नाही' असे उत्तर मिळते. ही शिस्त मोलाची आहे, कारण पत्त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट मुळात अक्षरांची ओळ असते. तिचे संख्येत रूपांतर न करता १० आणि ५ यांची बेरीज केली, तर पायथॉन १०५ असे उत्तर देईल! दुसरा गुण असा की पत्ते पानापानांत हाताने लिहिलेले नसतात. प्रत्येक नमुन्याला नाव दिलेले असते आणि त्या नावावरून दुवा तयार होतो. पुढे नमुना बदलला तरी दुवे तुटत नाहीत.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. पत्ता नुसता उघडल्याने कोणतीही नोंद बदलू नये, हे तत्त्व पाठमाला पाळते. मत नोंदवायचे ते पोस्ट पद्धतीच्या स्वतंत्र विनंतीने, आणि नंतर वाचकाला निकालाच्या पानाकडे वळवायचे. हे तत्त्व मोडल्यावर काय होते ते २००५ मध्ये दिसले. वेग वाढविण्यासाठी गूगलने काढलेले एक साधन पानावरील दुवे आधीच उघडून ठेवत असे. काही कार्यक्रमांत 'नोंद पुसा' हाही साधा दुवाच होता. परिणामी लोकांच्या नोंदी त्यांच्या नकळत पुसल्या गेल्या.

आता दोषाविषयी. क्रमांक ४२ ची नोंद कशी आणायची आणि ती नसेल तर काय करायचे, हे दोन प्रश्न पाठमाला उत्तम सोडवते. पण ती नोंद मागणाऱ्याला दाखवावी का, हा तिसरा प्रश्न ती जवळजवळ विचारतच नाही. पाचव्या भागात तो एकदा डोकावतो. पुढच्या तारखेचा प्रश्न यादीत दिसत नसला तरी पत्ता ओळखून कोणीही तो उघडू शकेल, असे तेथे सांगून तारखेची अट घातली आहे. पण हा भाग आहे कार्यक्रमाच्या चाचण्यांविषयी, आणि अट आहे ती वेळेची, व्यक्तीची नव्हे. मत तर कोणीही, कितीही वेळा नोंदवू शकतो.

याचे एक कारण जँगोच्या जन्मकथेत असावे, असे आम्हाला वाटते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात जँगो घडला आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. छापलेली बातमी सर्वांचीच असते. संपादकाला काळजी एवढीच, की ती वेळेआधी बाहेर पडू नये. गुणपत्रिका, दवाखान्याचे अहवाल किंवा बँकेचे कागद यांची गोष्ट निराळी आहे. फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळावर पत्त्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्या ग्राहकाचे कागद उघडत, आणि त्यासाठी ओळख विचारली जात नसे. मे २०१९ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा असे सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज उघडे असल्याचे वृत्त होते. तो कार्यक्रम जँगोमधला होता असे आमचे म्हणणे नाही. चूक मात्र याच जातीची आहे.

जँगोपाशी उपाय नाहीत असे नाही. ऑगस्ट २०२४ मधील ५.१ या आवृत्तीपासून सर्व पानांना एकदम प्रवेशाची अट लावता येते. परंतु आत आलेला विद्यार्थी स्वतःचीच गुणपत्रिका पाहतो आहे ना, हे त्या अटीने कळत नाही. त्यासाठी 'क्रमांक ४२ ची गुणपत्रिका आणा' असे न लिहिता 'क्रमांक ४२ ची, आणि आत आलेल्या या विद्यार्थ्याचीच, गुणपत्रिका आणा' असे लिहावे लागते. दुरुस्ती एवढीच आहे. क्रमांकाऐवजी ओळखता न येणारी लांबलचक अक्षरमाला वापरली की काम भागते, असाही एक समज आहे. तो अपुरा आहे. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, शिवाय एकमेकांना पाठवलाही जातो.

शिक्षकांनी ही पाठमाला जरूर वापरावी, मात्र तिसऱ्या भागानंतर एक प्रयोग स्वतः जोडावा. विद्यार्थ्यांना स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्याच कार्यक्रमात दोन खाती उघडू द्यावीत. एका खात्यातून आत येऊन पत्त्यातील क्रमांक बदलला असता दुसऱ्याची नोंद दिसते का, ते पाहावे. दिसली तर वरील दुरुस्ती करून पुन्हा पाहावे. दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर हा प्रयोग करू नये, हेही सांगावे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणक-व्यवस्थेत शिरण्याला आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू होतो. एका तासिकेत हा प्रयोग होतो, आणि पुढे हीच मुले शाळेच्या निकालाचे पान लिहितील तेव्हा तो उपयोगी पडेल.