'सलाम' ठोकणारा माणूस आणि ॲशच्या रेघा

राजकीय उपहासाची एखादी पहिली कादंबरी प्रकाशित होते, तेव्हा समारंभात 'निर्भीड' हा शब्द हमखास येतो. लेखकाने हुकूमशहाची टर उडवलेली असते, सभागृह हसतं, टाळ्या पडतात. पण या हसण्याने सत्तेचं बिघडतं काय? आमच्याकडे दशावतारात संकासुर भटजींची यथेच्छ फिरकी घेतो. लोक पोट धरून हसतात, आणि सकाळी देवळातले मानपान होते तिथेच असतात.

हा प्रश्न घेऊन आज एक जुनं उदाहरण तपासूया. कादंबरीचं नाही, कवितेचं: वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांची 'सलाम'. त्याच नावाच्या संग्रहाला 1980 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या कवितेत हुकूमशहाचं चित्र जवळजवळ नाहीच. बोलतो तो सलाम ठोकणारा माणूस. त्याला लाथ बसण्याची धास्ती आहे, म्हणून एक हात बचावाला आणि दुसरा कपाळाला. दादा, मटकेवाले, पुढारी... यादी वाढतच जाते. आधी आपण त्याला हसतो. मग लक्षात येतं, यातले दोन-चार सलाम आपणही ठोकलेत.

आता थोडं विज्ञान. अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. दिलेल्या रेघेइतकी लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची. गटात खरा सहभागी एकच; बाकीचे आधी ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देणारे. अशा वेळी सहभागींची सुमारे 37 टक्के उत्तरं गटाच्या बाजूने झुकली. ना दंडुका, ना लाथ, तरीही! पण गटात बरोबर उत्तर देणारा फक्त एक जोडीदार मिळाला, की हे प्रमाण जवळपास चौथाईवर आलं. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही झुकणं बरंच कमी झालं.

हे वाचून 'सलाम'कडे परत गेलात, तर तिची ताकद दिसते आणि मर्यादाही. वाकणाऱ्याचं मन आतून कसं चालतं हे ती नेमकं दाखवते. त्याला खरी रेघ दिसते. तो फक्त बोलत नाही. पण कवितेत तो जोडीदार कुठेच नाही. सगळेच वाकलेले म्हटले की कोणालाच जाब विचारता येत नाही, आणि वाचक स्वतःला माफ करून मोकळा होतो. माझी तक्रार आहे ती इथे.

कारण प्रत्यक्षात तो जोडीदार होता. डिसेंबर 1975, कराडचं साहित्य संमेलन. आणीबाणी लागू होती, स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अध्यक्षपदावरच्या दुर्गा भागवतांनी तिथेच लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीचा निषेध केला. पुढे त्यांना अटकही झाली. आणि आपला किनारा? इथले, म्हणजे राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत बेंगळुरूच्या तुरुंगात होते. मार्च 1977 मध्ये मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. मतपत्रिका गुप्त असते; ॲशच्या त्या कागदासारखीच. तिथे सलाम करायला समोर कोणी उभा नसतो.

'सलाम' संग्रह आला 1978 मध्ये, निकाल लागल्यावर. त्यामुळे तिला आणीबाणीविरुद्धचं हत्यार म्हणणं मला पटत नाही. ती मागून केलेली झडती आहे. आणि झडती म्हणून अस्सल आहे.

तेव्हा पुढच्या वेळी उपहासाचं नवं पुस्तक हातात आलं, की दोनच गोष्टी बघा. हसू येतंय ते फक्त खुर्चीवरच्या माणसाला, की आपल्याही हाताला? आणि वेगळं उत्तर देणारा एक तरी माणूस त्या पुस्तकात आहे का? 'सलाम' पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरते. दुसरी मात्र तिने आपल्यावर सोडली आहे.