वृत्तपटातील सप्टेंबर १९४८ : प्रतिमा, निवेदन आणि मराठवाड्याची स्मृती

वृत्तपट ही आपल्याकडे समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिलेली संहिता आहे. मुख्य चित्रपटाआधी दाखविला जाणारा काही मिनिटांचा सरकारी मजकूर, एवढेच तिचे स्थान मानले गेले. इतिहासकारांनी तिचा पुरावा म्हणून उपयोग केला. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. वस्तुतः निवड, क्रम आणि निवेदन या तीन घटकांनी घडलेली ती एक कथनरचना आहे. कथनमीमांसेचे प्रश्न तिलाही विचारता येतात : कोण सांगतो, कोणाला सांगतो, काय गाळून सांगतो?

या प्रकाराचा प्रारंभ मराठी माणसाने केला, हे येथे केवळ अभिमानाचे नव्हे तर तुलनेचे निमित्त ठरते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांचे स्वागत. एकात क्रीडा, दुसऱ्यात गणितातील यश. दोन्ही चित्रणे मूक होती. त्यांतील घटनेला अर्थ देण्याचे काम पडद्यावरील आवाज करीत नव्हता. ते पाहणाऱ्या समाजाकडे होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा संबंध पालटला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४३ पासून चित्रपटगृहांना मान्यताप्राप्त प्रचारपट दाखविणे सक्तीचे केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि पुढे ही सक्ती नव्या राष्ट्राच्या हाती आली. रणभूमी, प्रयोगशाळा आणि क्रीडांगण ही आता राष्ट्राच्या सामर्थ्याची तीन प्रमाणे ठरली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झालेली 'अप्सरा' अणुभट्टी या कथनात सहज बसते, कारण तिचा कर्ता राज्यसंस्था आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधवांचे कांस्यपदक मात्र तितके सहज बसत नाही. त्यामागे लोकवर्गणी होती, आपल्या शिक्षणसंस्थेच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभा केलेला पैसा होता. कराड परिसरात बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झालेले त्यांचे स्वागत सावेदादांच्या चित्रणाच्या जातीचे आहे.

निवेदन आणि प्रतिमा यांच्यातील ताण सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो हैदराबाद प्रकरणात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. वायव्येकडून आलेल्या तुकड्यांनी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ताब्यात घेतले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या साऱ्या घटनेला शासनाने दिलेले नाव होते 'पोलीस कारवाई'.

रोलां बार्थने १९६४ साली असे दाखविले की प्रतिमा अनेकार्थी असते आणि सोबतचा मजकूर तिला एका अर्थाशी बांधून ठेवतो. येथे हे बंधन पुरते बसत नाही. शब्द 'पोलीस' म्हणतो आणि चित्रात चिलखती दल व गणवेशातील दोन सेनापती दिसतात. शासकीय परिभाषेला ही मोहीम अंतर्गत बंदोबस्ताची म्हणून सांगावयाची आहे. प्रतिमा तिला युद्ध म्हणून दाखविते. वृत्तपटाचे वाङ्मयीन मोल या फटीतच आहे. चित्रण प्रचारकी असूनही निवेदकाच्या ताब्याबाहेरचे काही ते राखून ठेवते.

मात्र ही फट कितीही महत्त्वाची मानली, तरी कॅमेऱ्याच्या स्थानाचा प्रश्न उरतोच. सैन्यासोबत चालणारा कॅमेरा सैन्याचा रस्ता पाहतो. नांदेड जिल्ह्यात अर्जापूर येथे २९ ऑक्टोबर १९४६ रोजी गोविंदराव पानसरे यांची झालेली हत्या, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट, सीमेवरील सशस्त्र तळ, दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियांचे धाडस : हे सारे त्या रस्त्यापासून दूर घडले होते. रझाकारांच्या जुलमाखाली भरडलेली गावे जशी त्या चौकटीत नाहीत, तशीच सप्टेंबरनंतर सूडाच्या हिंसेत होरपळलेली मुसलमान कुटुंबेही नाहीत. पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळातील व नंतरच्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला. हा अहवाल दिल्लीत अभ्यासकांसाठी खुला व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. शरणागतीच्या दृश्यावर कथन संपविणे ही केवळ रचनेची सोय नव्हे, तो एक नैतिक निर्णय आहे. शेवट कोठे करावयाचा, हे ठरविताच पुढचे मृत्यू कथेबाहेर जातात.

स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी (१९६७) आणि अनंत भालेरावांचा हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामावरील ग्रंथ (१९८७) यांनी या रस्त्यापलीकडची स्मृती शब्दबद्ध केली. तेही सहभागी कार्यकर्त्यांचे कथन आहे, त्यालाही स्वतःचे स्थान आहे. म्हणून लिखित साक्षीने दृश्य साक्ष रद्द होत नाही; दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

आज या वाचनाची निकड वाढली आहे. नायट्रेटच्या जुन्या फिती ज्वालाग्राही असतात; जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा असा मोठा ठेवा नष्ट झाला. दुसरीकडे ब्रिटिश पाथेने २०१४ साली सुमारे ८५ हजार चित्रफिती सर्वांसाठी खुल्या केल्या. परिणामी मूळ निवेदनापासून तुटलेले तुकडे नवे संगीत आणि नवा आवेश घेऊन फिरतात. जुने बंधन सुटते, पण प्रतिमा मोकळी होत नाही. तिला नवा निवेदक मिळतो आणि तो पुष्कळदा जुन्यापेक्षा अधिक ठाम असतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. त्या ध्वजाच्या चित्राला अर्थ देणारा आवाज कोणाचा आहे आणि कोणते गाव त्या चौकटीबाहेर उभे आहे, हे ओळखणे हे समीक्षेचे काम आहे. ते तिने इतिहासकारावर सोपवून मोकळे होऊ नये.