मोफत प्रश्नसंच आणि उसने प्रश्न

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की अनेक उत्साही शिक्षक मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांमधले प्रश्न गोळा करून मोफत टिपणे तयार करतात. ज्या मुलांना गाइड परवडत नाही त्यांना या टिपणांचा मोठा आधार असतो. अशा कामावर टीका करणे जिवावर येते. पण ती करायला हवी, कारण हे काम टिकायला हवे.

अलीकडे पाहिलेल्या एका संचात पुढील प्रश्न होता : ‘10 सेंमी नाभीय अंतर असलेल्या बहिर्वक्र भिंगासमोर 8 सेंमी अंतरावर वस्तू ठेवली आहे. पडद्यावर मिळणाऱ्या प्रतिमेचे अंतर काढा.’ चौकशी केली तेव्हा कळले की, मूळ प्रश्नात 15 सेंमी होते. ‘कॉपीराइटची भानगड नको’ म्हणून आकडा बदलला. वस्तू 15 सेंमीवर असेल तर प्रतिमा 30 सेंमीवर पडद्यावर मिळते. 8 सेंमीवर मात्र ती नाभीच्या आत येते. मग प्रतिमा आभासी होते, वस्तूच्याच बाजूला 40 सेंमीवर दिसते आणि पडद्यावर घेताच येत नाही. भीतीपोटी भौतिकशास्त्र बिघडले. शिवाय बाकी सारे शब्द मूळचेच असल्याने प्रश्न ‘आपला’ झालाच नाही!

प्रश्नपत्रिकेवर कुणाचा हक्क कसा असेल, असे आपल्याला वाटते. हाच वाद 1916 मध्ये इंग्लंडमधील न्यायालयात गेला होता. लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका एका प्रकाशनसंस्थेने छापल्या होत्या. गणित तर सर्वांचेच, असा बचाव झाला. न्यायमूर्ती पीटरसन यांनी तो मानला नाही. ‘मूळ लेखन’ म्हणजे अभूतपूर्व कल्पना नव्हे, तर दुसऱ्याचे न उतरवलेले लेखन, असे त्यांनी ठरवले. प्रश्नांची निवड आणि मांडणी यांत परीक्षकाचे श्रम असतात. भारतात अलाहाबाद उच्च न्यायालयानेही प्रश्नपत्रिकांना मूळ साहित्यकृती मानले आहे.

म्हणजे ओहमचा नियम कुणाच्याच मालकीचा नाही. त्यावर परीक्षकाने रचलेला प्रश्न मात्र कुणाचा तरी आहे. परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका गोपनीय राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितले. पण गोपनीयता संपणे वेगळे आणि स्वामित्वहक्क संपणे वेगळे.

मग शिक्षकाने हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. 1957 च्या आपल्या कायद्यातील कलम 52 शिक्षक व विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात साहित्याची प्रत करू देते. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला; ती वर्गातल्या व्याख्यानापुरती मर्यादित ठेवली नाही. मात्र तेथे प्रश्न एका विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या संचांचा होता. आपल्या वर्गासाठी काढलेल्या प्रती आणि जिल्हाभर वाटलेली पुस्तिका यांत फरक आहे. ‘आम्ही पैसे घेत नाही’ ही गोष्ट आपल्या बाजूची असली, तरी तो परवाना नव्हे.

या संचांचा मला जाणवलेला दुसरा दोष याहून गंभीर आहे. प्रश्नांखाली ना परीक्षेचे नाव, ना वर्ष. अभ्यासक्रम बदलल्यावर कोणता प्रश्न कालबाह्य झाला, हे मुलाला कळणार कसे? उत्तरे तर अनेकदा बाजारातील गाइडमधून जशीच्या तशी घेतलेली असतात, छापील चुकांसह. तेथे प्रश्नकर्त्याबरोबर उत्तरे लिहिणाऱ्याचाही हक्क डावलला जातो.

उपाय अवघड नाहीत. मोठ्या प्रमाणावर छापायचे असेल तर मंडळाला पत्र लिहून परवानगी मागावी. मूळ प्रश्न घेतला तर त्याचे वर्ष व परीक्षा द्यावी आणि एक अक्षरही बदलू नये. उत्तर स्वतः लिहावे. सर्वांत चांगले म्हणजे संकल्पना घेऊन प्रश्न नव्याने रचावा व स्वतः सोडवून पाहावा. परीक्षा मंडळांचीही जबाबदारी आहे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या विनामूल्य शैक्षणिक वापराच्या अटी त्यांनी प्रश्नपत्रिकेवरच दोन ओळींत छापल्या, तर शिक्षकांची भीती जाईल.

त्या भिंगाच्या प्रश्नात ‘पडद्यावर’ हा एक शब्द गाळून ‘प्रतिमेचे स्वरूप सांगा’ असे विचारले असते, तर तो मूळ प्रश्नाहूनही चांगला झाला असता. तेवढा विचार करायला आपल्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.