'आम्ही', 'आपण' आणि समीक्षेचा वाचक

भाषाविज्ञानाच्या शाखांमधील कामाची वाटणी मराठी समीक्षेने जरा जास्तच मनावर घेतलेली दिसते. चार्ल्स मॉरिस याने १९३८ मध्ये चिन्हव्यवहाराच्या अभ्यासाचे विन्यासविचार, अर्थविचार आणि प्रयोगविचार असे तीन विभाग कल्पिले. चिन्हांचे परस्परांशी, वस्तूंशी आणि ती वापरणाऱ्यांशी असलेले संबंध हा या विभागणीचा आधार होता. पद्धतीची सोय म्हणून ती उपयुक्तच आहे. परंतु शैलीमीमांसेने पहिले दोन विभाग स्वतःकडे ठेवले आणि 'कोण कोणाला उद्देशून बोलत आहे' हा प्रश्न साहित्याच्या समाजशास्त्राकडे सोपवून दिला. मराठीच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. कारण हा प्रश्न येथे थेट व्याकरणातच उभा आहे.

'आम्ही' श्रोत्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. हा भेद संस्कृतात नाही, प्रमाण हिंदीतही नाही. गुजरातीत तो 'अमे' आणि 'आपणे' असा आहे; तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असा. दोन्ही मराठी शब्दांची कुळी आर्य आहे ('आपण'चे मूळ 'आत्मन्'पर्यंत जाते), पण त्यांची मांडणी द्राविड भाषांच्या संपर्कातून आली, असे सामान्यतः मानले जाते. मराठीच्या घडणीत मिश्रभाषेसारखी प्रक्रिया झाली असावी, हा फ्रँकलिन साउथवर्थ यांचा १९७१ मधील तर्क याच दिशेचा. (शेजारच्या आजच्या प्रमाण कन्नडमध्ये मात्र दोहोंसाठी एकच 'नावु' आहे, संपर्काचा इतिहास नकाशावरील शेजारावरून वाचता येत नाही, तो असा.) 'आम्ही' हे 'मी'चे निव्वळ अनेकवचन नव्हे, त्यात 'मी' आणि 'मी नसलेले' यांची जोडणी असते, हे एमिल बेनव्हेनिस्त याने दाखवून दिले. फ्रेंचला ती जोडणी एकाच शब्दात झाकावी लागते. मराठी बोलणाऱ्याला ती दर वेळी उघड करावी लागते.

शालेय व्याकरणे 'आपण'ची बोळवण 'आत्मवाचक सर्वनाम' म्हणून करतात. प्रत्यक्षात ते आदरार्थी द्वितीय पुरुषही आहे, आणि 'आपल्याला नाही बुवा जमणार' असे म्हणणाऱ्याच्या तोंडी चक्क एकवचनी 'मी' आहे. 'आपण येतो' आणि 'आपण येता' यांतील फरक क्रियापद सांगते. 'आपले' या षष्ठी रूपाला तोही आधार नाही. तेथे अर्थ ठरतो तो ऐकणारा कोण यावरून.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनाचे शीर्षक या दृष्टीने पाहावे. 'आमुचं' हे रूप बोलीपेक्षा ओवी-अभंगांच्या भाषेला जवळचे. नामाच्या मागून आल्यामुळे त्याच्यावर आघातही येतो. 'जिणं आपुलं' असे म्हणता आले असते. ते म्हटलेले नाही. सवर्ण वाचकाला या शब्दाने उंबऱ्याबाहेर उभे केले, हा अर्थ सरळ आहे. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे वाचक एकाच प्रकारचा असतो असे गृहीत धरणे. हेच पुस्तक स्वसमाजातील शिकलेल्या तरुण वाचकाच्या हाती आले की 'आमुचं' वेगळे बोलू लागते: ते जिणे आमचे होते, तुमच्या वाट्याला ते तसे आले नाही. वगळण्यात येथे दुरावा आहे, तसे स्मरणाचे मागणेही आहे. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'द प्रिझन्स वुई ब्रोक' (२००८). त्यातील 'वुई' कर्ता आहे, तुरुंग फोडणारा आहे. मुळातील षष्ठीत कर्तृत्वाचा उच्चार नाही, फक्त मालकी आहे, आणि तीही कोणाला हेवा वाटू नये अशा गोष्टीची. अनुवादाचा हा दोष नव्हे. इंग्रजी सर्वनाम श्रोत्याविषयी मौन पाळते, म्हणून अनुवादाला जोर अन्यत्र शोधावा लागला.

आता समीक्षेच्या गद्याकडे वळावे. दलित आत्मकथनांवरील लेखनात 'आपल्याला सर्वस्वी अपरिचित असे जग' हा वाक्प्रयोग इतका रूढ झाला आहे की तो लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हेतू बहुधा प्रशंसेचा असतो. पण 'आपल्याला' हे समावेशक रूप आहे, आणि ज्याला ते जग जन्मापासून परिचित आहे असा वाचक त्यात मावत नाही. म्हणजे लेखिका 'आमुचं' म्हणून स्वतःची बाजू उघड सांगते, तर समीक्षक 'आपण' म्हणून एका वर्गाला संपूर्ण वाचकवर्ग ठरवतो आणि सर्वनामाच्या सौजन्यामागे ते लपून राहते. उघडपणे वगळणाऱ्या 'आम्ही'शी वाद घालता येतो. या 'आपण'शी वाद घालायला वाचकाने आधी त्याच्या आत असावे लागते. विद्यापीठीय प्रबंधांतून 'आपण पाहिले की', 'आपल्या लक्षात येते की' अशी वाक्ये संमती गृहीत धरून पुढे सरकतात तेव्हा हेच घडते, फक्त तेथे कोणाचे जिणे पणाला लागलेले नसते.

शैलीमीमांसेने प्रतिमा आणि वाक्यबंध यांची मोजदाद पुष्कळ केली. सर्वनामे तिला किरकोळ वाटली, कारण त्यांचा अर्थ कोशात सापडत नाही. तो प्रत्येक उच्चारागणिक नव्याने भरला जातो, आणि कोणाला धरून भरला गेला हे संहितेतच तपासता येते. त्यासाठी समाजशास्त्राच्या दारात जावे लागत नाही.