थांबवून पाहिलेले चित्रपट

विज्ञानाशी संबंध असलेल्या चित्रपटाचे परीक्षण बहुधा चुकांच्या यादीने सुरू होते. अंतराळात आवाज कसा ऐकू आला, तारे कुठे गेले, वगैरे. अशी यादी आम्हीही आवडीने करतो. पण गेल्या काही महिन्यांत आम्ही घरी बसून पाच चित्रपट पाहिले. त्यांत काळाचा मेळ नव्हता, भाषेचा नव्हता आणि विषयाचाही नव्हता. तरी पाचही चित्रपटांना आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो. यातल्या माणसांना एखादी गोष्ट खरी आहे हे कळते ते कशावरून? घरी पाहण्याचा फायदा असा, की चित्रपट मध्येच थांबवून कागद-पेन्सिल घेता येते.

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) आम्ही असाच थांबवला. हबल दुर्बिणीची दुरुस्ती चालू असताना यान मोडते आणि अंतराळवीर पाठीवरच्या जेटच्या जोरावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघतात. हबल तेव्हा सुमारे ५५० कि.मी. उंचीवर होती, स्थानक सुमारे ४०० कि.मी.वर. पण खरी अडचण उंचीची नाहीच. हबलची कक्षा विषुववृत्ताच्या पातळीशी २८.५ अंशांचा कोन करते, तर स्थानकाची ५१.६ अंशांचा. दोन्ही सेकंदाला साडेसात कि.मी.हून अधिक वेगाने धावतात. आता सदिशांचा त्रिकोण काढा. दोन्ही पातळ्यांतला कोन कमीत कमी, म्हणजे २३.१ अंश धरला, तरी वेगात सेकंदाला सुमारे ३ कि.मी.चा बदल करावा लागतो. पाठीवरच्या जेटचे हे काम नव्हे! तरीही या चित्रपटावर आमचा राग नाही. त्याची चूक अकरावीच्या मुलांना स्वतः मोजून पकडता येते. बरोबर असलेल्या किती चित्रपटांविषयी असे म्हणता येईल?

‘अपोलो १३’ (१९९५) मधला एक प्रसंग आम्ही दोनदा पाहिला. १९७० च्या एप्रिलमधल्या त्या मोहिमेत प्राणवायूची टाकी फुटल्यावर तिघे अंतराळवीर दोघांसाठी बनवलेल्या चांद्रयानात येतात. तिथे कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. तो शोषणारे डबे मुख्य यानात आहेत, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली जागा गोल. जमिनीवरचे अभियंते यानात असतील तेवढ्याच वस्तू टेबलावर ओततात आणि पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या, नळी व चिकटपट्टी यांतून मार्ग काढतात. शाळेत साहित्य नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) हा प्रसंग जरूर पाहावा.

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. दादासाहेब फाळके १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करतात आणि ती सलग दाखवून भांडवल देणाऱ्याची खात्री पटवतात. आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवात अशी एका प्रयोगवहीसारख्या चित्रफितीने झाली, याची आम्हांला फार गंमत वाटते.

खरी चर्चा झाली ती सत्यजित राय यांच्या ‘गणशत्रू’वर (१९८९). इब्सेनच्या १८८२ च्या नाटकातले स्नानगृह इथे देवळाचे तीर्थ झाले आहे. डॉ. अशोक गुप्तांना आपल्या गावात काविळीचे रुग्ण वाढताना दिसतात. ते आधी आरडाओरड करीत नाहीत. पाणी तपासायला कलकत्त्याला पाठवतात आणि अहवाल हाती आल्यावरच बोलतात. उत्तर मिळते की तीर्थात तुळस असते, ते दूषित होणारच नाही. राय यांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. चित्रपट जवळजवळ सगळा चार भिंतींत घडतो आणि बोलतो जरा जास्त. पण आमची तक्रार वेगळी आहे. तुळस घातलेले आणि न घातलेले पाणी अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून कोणी का तपासत नाही? हा दावा तपासता येण्याजोगा होता. चित्रपटात तो केवळ श्रद्धेचा प्रश्न होऊन बसतो. शेवटी डॉक्टरांच्या नावाचा जयघोष ऐकू येतो. इब्सेनचा डॉक्टर जवळपास एकटाच उरतो. आम्हांला इब्सेनचा शेवट अधिक पटला, कारण अहवाल खरा ठरायला जयघोष लागत नाही.

तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) पाहताना आमचेही डोळे ओलावले. पंकज कपूर यांचे काम अप्रतिम आहे. पण कुष्ठरोगाची ती लस खरेच उपयोगी आहे हे आपण का मानतो? नायक सज्जन आहे आणि त्याला छळणारे क्षुद्र आहेत, एवढ्यावरून! ज्यांच्या आयुष्यावरून ही कथा सुचली, त्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची हकिगत याहून कठोर आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात त्यांच्या प्रयत्नांनी नलिकाबालिका जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, पुढे त्यांची बदली झाली आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईत जन्मलेली हर्षा ही देशातली पहिली नलिकाबालिका ठरली. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्याय यांची टिपणे बारकाईने तपासली आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे स्वतःच जाहीर केले.

चित्रपट त्याआधी सात वर्षांचा. आनंद कुमार ती टिपणे उघडून बसले आहेत आणि पानागणिक स्वतःचे श्रेय हातचे जाताना पाहत आहेत, हा प्रसंग पडद्यावर पाहायला आम्हांला आवडेल.