धूर, ओलं सरपण आणि सुरुंगाचं भोक

वाडीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना काळा दगड कसा एकजिनसी वाटतो! खाणीत तसं नसतं. याच काळ्या दगडात लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल, मऊ पट्टा लागतो. चंद्रपूर-वणीकडच्या खुल्या कोळसाखाणींत कोळशावरचा वालुकाश्म कुठे कठीण, कुठे मऊ, कुठे भेगाळलेला. असं असूनही पुष्कळदा प्रत्येक भोकात दारू सारखीच भरली जाते. मग कठीण जागी मोठे धोंडे राहतात, आणि मऊ जागी जास्तीची ताकद जमीन हादरवते, दगड दूरवर भिरकावते.

यावर उपाय सांगतात तो असा: भोक मारतानाच नोंदी घ्या. ड्रिलची बिट किती वेगानं खाली गेली, दाब किती, फेरे किती, पीळ किती. ठरावीक घनफळाचा खडक फोडायला किती ऊर्जा लागली, हे यावरून काढायची रीत टील यांनी १९६५ साली मांडली. त्या आकड्यावरून भोकागणिक दारू ठरवायची. कल्पना आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो 'आता यंत्राला खडक दिसतो' या भाषेवर.

दिसत नाही हो! हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. नैयायिकांचं जुनं उदाहरण घ्या. विस्तव आहे म्हणून धूर असेलच का? नाही, सरपण ओलं हवं. ही लपलेली अट म्हणजे 'उपाधी'. ऊर्जा जास्त लागली म्हणून खडक कठीण, इथेही उपाधी आहे: बिट झिजलेली नसावी, भोकातला चुरा नीट वर येत असावा. टील यांच्या सूत्रात दाब आणि फेरे येतात, झीज येत नाही. झिजलेल्या बिटचा आकडा 'कठीण खडक' म्हणून वाचला, तर मऊ भोकातच जादा दारू जाईल.

हा नुसता तर्कातला दोष नाही. खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी खाणसुरक्षा महासंचालनालयानं ८ हर्ट्झखालच्या कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. आपलं चुकलेलं अनुमान कुणाच्या तरी भिंतीत तडा होऊन उमटतं.

म्हणून आम्ही म्हणतो, आकड्याशेजारी बिट कधी बदलली तेही लिहा. आणि ड्रिलवाल्याला विचारा. आवाज बदलला, चुऱ्याचा रंग बदलला, ते तो तिथं उभा राहून पाहत असतो. जाणत्या आणि खरं बोलणाऱ्या माणसाच्या सांगण्याला आपल्याकडे शब्दप्रमाण म्हणतात. नोंदवहीत त्याच्यासाठीही एक रकाना ठेवा.